रेघेच्या अलीकडची शिटी

बेबीनंदाने कुंभार पिंपळगावात कापूस वेचणाऱ्या बायांची मुकादमी इतकी वर्षं केली, की गुडघ्यांनी ती सोडायला लावली तरी डोळ्यांनी सोडली नाही. वेचणीची मजुरी किलोवर. तेव्हा दवात भिजलेला कापूस पहाटेच पिशवीत कोंबणारी कोण, बुडाशी ढेकूळ ठेवणारी कोण, आणि उन्हं चढल्यावर कोरडा माल आणून वर 'आज कमीच झाला बाई' म्हणणारी कोण, हे तिला पिशवीला हात न लावता कळायचं. पुढे ही सवय कापसापुरती राहिली नाही. समोर आलेल्या माणसाला ती मनातल्या काट्याला लावायची आणि दवाचं वजन काढूनच आकडा धरायची. नवऱ्याचं दव तो गेल्यावर वाळलं आणि मागे माल बरा निघाला, असं ती चारचौघींत सांगे.

सून भावना सात वर्षं काट्यावर होती आणि काटा अजून हलतच होता. भाकरी जाड थापते, वजा. शब्दाला शब्द देत नाही, जमा. पण शब्दाला शब्द न देता शेवटी स्वतःच्या मनाचंच करते, हे कुठल्या बाजूला मांडावं ते बेबीनंदाला ठरवता येईना.

आता तिच्या मनात होती पोलीस भरती. भावना बदनापूरच्या मास्तराची लेक. लेखी परीक्षा तिच्या डाव्या हाताचा खेळ. पण लेखीपर्यंत पोचायला आधी मैदान काढावं लागतं, आणि मैदानात आठशे मीटर पळावं लागतं. दोनदा ती तिथेच अडकली. पहिल्यांदा लेक अंगावर पीत होती, दुसऱ्यांदा पाय मुरगळला. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची भरती होती. ही गेली की पुढे पळायला रस्ता होता, पण पोचायला ठिकाण नव्हतं.

घनसावंगीला भरतीची अकॅडमी चालवणाऱ्या देवानंद सरांनी तिला घरूनच सराव करायची मुभा दिली होती. अट एकच. फोनमध्ये फेऱ्यांची वेळ मोजणारं ॲप ठेवायचं, रोज पळायचं आणि ॲपमध्ये दिसेल ते तसंच्या तसं ग्रुपवर टाकायचं. ॲप आकाशातल्या उपग्रहांना विचारून अंतर धरायचं. दर दोनशे मीटरला शिटी मारायचं, चार शिट्या झाल्या की आठशे झाले. पूर्ण गुणांची वेळ सरांच्या सांगण्यानुसार दोन मिनिटं पन्नास सेकंद.

भावना बाजारतळाला फेरे घालायची. शनिवारी बाजार भरायचा. बाकी दिवस मधले ओटे, पत्र्याची शेडं आणि चार कुत्री सोडली तर मैदान मोकळंच. तळाच्या कडेने पायवाट होती. फोन कमरेच्या पिशवीत. मागचा फोन घामाने गेला होता म्हणून ही पिशवी खास बेबीनंदाने शिवून दिलेली. कापसाच्या बियाण्याची रिकामी पाकिटं असतात ना, आतून चांदीसारखी चकचकीत, पाण्याचा थेंब आत जाऊ न देणारी, तसली दोन जोडून आत अस्तर, वरून जुन्या लुगड्याचं कापड, आणि बांधायला नाडी. मुकादमी सुटल्यानंतर बेबीनंदाच्या हातून झालेली ही सगळ्यात देखणी गोष्ट, असं तिचं स्वतःचं मत होतं. सुनेला सासूने दिलेली ती पहिलीच वस्तू होती, जी कोणी 'दे' म्हटलं नसताना दिली होती.

एका सकाळी भावना पळून आली आणि फोन नवऱ्यापुढे धरला. राजानंद कुंभार पिंपळगाव ते घनसावंगी जीप चालवायचा. पहिल्या फेरीआधी चहा पीत बसला होता.

"दोन-अडतीस?" तो म्हणाला. "आठशे मीटर?"

"असं ॲप म्हणून राह्यलं."

राजानंदने चहा खाली ठेवला आणि पाच मिनिटांत फोटो स्टेटसला लावला. त्यावर दोन हात जोडलेले, तीन शिट्या आणि एक वाघ. जीपमधल्या प्रत्येक प्रवाशाला घनसावंगीपर्यंत दुसरा विषय मिळाला नाही. देवानंद सरांनी ग्रुपवर 'मराठवाड्याची वाघीण' लिहिलं. बाजारतळासमोरचे किराणावाले राधेश्याम तर तराजू सोडून बाहेर आले. "वहिनी, वर्दी अंगावर आली की आमच्या स्कूटरचं चलान मात्र फाडू नका हं."

सगळा गाव गोड बोलत होता आणि भावना मान हलवत होती. बेबीनंदाच्या नजरेतून ते सुटलं नाही. तिने आयुष्यात काट्यावर जास्त वजन भरल्यावर हसणाऱ्या बाया शेकड्याने पाहिल्या होत्या. जास्त वजन भरल्यावर कपाळाला आठी घालणारी ही पहिलीच.

"काय झालं गं?" तिने विचारलं. "फोन चांगलं सांगून राह्यला, अन् तुझं तोंड एरंडेल प्याल्यावानी?"

"आत्या, गेल्या वर्षी मी सव्वातीनला पळत होते. आता पायात जोर आला हे खरं. पण एवढा?" तिने फोनवरचा नकाशा दाखवला. ती जिथून पळाली ती वाट त्यावर लाल रेघेने उमटली होती. रेघ पायवाटेवरून निघून पत्र्याच्या शेडांवर चढली होती, तिथून उडी मारून राधेश्यामच्या दुकानात शिरली होती, आणि जुन्या विहिरीला आरपार भोसकून परत आली होती.

राजानंद वाकून बघत म्हणाला, "दुकानातून गेलीस तर शेंगदाणे तरी आणायचे."

"हसू नका. ही रेघ बघा, मी सरळ पळाले अन् ही झिंगल्यावानी चालली. हिचं अंतर माझ्या अंतरापेक्षा जास्त भरून राह्यलं. मंग माझे आठशे व्हायच्या आधीच हिचे होणार."

बेबीनंदाला उपग्रह कळत नव्हते, पण हे लगेच कळलं. "म्हंजे दवाचा कापूस," ती म्हणाली. "वजन हाय, माल न्हाई."

"बराबर," भावना म्हणाली.

त्याच दिवशी तिने कचरू मिस्तरीकडून लांब टेप आणला. शून्याचं टोक बेबीनंदाच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन स्वतः चालत सुटली. सासू-सुना टेप ताणून बाजारतळ मोजताहेत हे दृश्य गावाला फुकटात मिळाल्यावर गाव सोडतो होय? पारावरून एकाने विचारलंच, "बेबीमावशी, मैदानाची वाटणी चालू हाय का?"

"व्हय. तुझ्या हिश्श्याला उकिरडा आलाय. जल्दी ताबा घे, न्हाई तर डुकरं घेतील."

एक फेरा बरोबर दोनशे मीटरचा बसेल अशी वाट त्यांनी खुणांनी बांधली आणि जिथून सुरुवात तिथे चुन्याची रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी राजानंद रेघेवर स्वतःचा फोन हातात धरून उभा राहिला, वेळ लावायला. भावना पिशवी बांधून पळाली.

पहिला फेरा पुरा होण्याआधीच, रेघेच्या बऱ्याच अलीकडे, तिच्या कमरेत शिटी वाजली. दुसरी त्याहून अलीकडे. चौथी शिटी वाजली तेव्हा ती समोरच्या कोपऱ्यावर होती, अर्धा फेरा राहिलेला. ॲपच्या हिशोबाने ती वाघीण झाली होती. ती थांबली नाही. अर्धा फेरा ओढून रेघेवर आली, गुडघ्यांवर हात ठेवले आणि मान वर न करता नवऱ्याला विचारलं, "किती?"

राजानंदला आकडा बोलवेना. "आज वारा होता," तो म्हणाला.

"अहो, किती?"

"तीन-दोन."

बेबीनंदाने सुनेच्या तोंडाकडे बघितलं. रडेल असं वाटलं होतं. भावनाने रेघेकडे बघितलं, मग वळून ज्या कोपऱ्यावर शिटी वाजली होती तिकडे बघितलं, आणि लांब श्वास सोडला. कुठे किती तूट आहे हे कळलेल्या माणसाचा तो श्वास होता. बेबीनंदाने असा श्वास ओळखला, कारण स्वतःच्या टोळीचा हिशोब जुळेपर्यंत तिनेही तो अनेकदा कोंडून धरला होता.

तिथल्या तिथे भावनाने देवानंद सरांना फोन लावला.

"ॲपचं असं थोडंफार होतंच," सर म्हणाले. "ग्रुपवर नको लिहूस. पोरींचा उत्साह जातो. अन् मी तुझ्या फोटोचा बॅनर छापायला दिलाय."

"बॅनर थांबवा सर. माझी वेळ तीन-दोन हाय."

"अगं पण दोन-अडतीस दिसतंय ना."

"दिसतंय. मी तेवढी पळाले न्हाई."

फोन ठेवला आणि तिने ग्रुपवर लिहिलं, की आजवर टाकलेल्या माझ्या सगळ्या वेळा चुकीच्या आहेत, खरी वेळ ही. ज्या गावाने काल वाघीण म्हटलं होतं त्याने आज 'तरी म्हटलंच होतं' असं म्हटलं. राजानंदने वाघ उतरवला. पण दुपारी घनसावंगीच्या राजनंदिनीचा फोन आला. अकॅडमीतली जेमतेम विशीतली मुलगी. म्हणाली, "ताई, मी तर सोडूनच दिल्तं. तुमच्या वेळेकडं बघून वाटलं, आपलं काय जमणार."

"तुझी किती?"

"दोन-अठ्ठावन्न. सरांच्या मैदानावर, सरांच्या घड्याळावर."

"मंग तू माझ्या पुढं हायस की. उद्या पळ. मी येते मागून."

बेबीनंदा भाजी निवडत हे ऐकत होती. जमेची बाजू तिच्या मनात इतकी वाढली, की वजाच्या बाजूची जाड भाकर त्या पानावर शोधावी लागली.

राजानंदचं म्हणणं सरळ होतं. "रेघ हाय, घड्याळ हाय, मी हाय. काढून टाक ते ॲप."

"तुम्ही सातला जीप घेऊन जाता. बाजाराच्या दिवशी इथं पाय ठेवायला जागा नसते, मला कालव्याच्या रस्त्यानं पळावं लागतं, तिथं कोण टेप धरणार? अन् असं बघा, घरात खोटं बोलणारं माणूस असलं तर आपण हाकलून देतो का? आधी विचारतो, का बोलतो म्हणून."

पुढचे दिवस तिने ॲपची जी उलटतपासणी केली ती पाहून बेबीनंदाला वाटलं, ही भरती होण्याआधीच पोलीस झाली आहे. तिची रीत अशी: एका दिवशी एकच गोष्ट बदलायची, रेघेवरून पळायचं, शिटी कुठे वाजते तिथे खडा ठेवायचा. दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत. मग गुण कुणाचा आणि दोष कुणाचा ते कळत नाही. पहिल्या दिवशी फोनच्या सेटिंगमध्ये शिरून तिने ॲपला नेमकी जागा बघायची परवानगी दिली. आजवर त्याला फक्त अंदाजे जागा दिसत होती. खडा थोडा रेघेकडे सरकला. दुसऱ्या दिवशी बॅटरी वाचवायची सोय बंद केली, कारण स्क्रीन काळी झाली की फोन ॲपलाही झोपवायचा. खडा आणखी थोडा सरकला. मग ती पळण्याआधी मोकळ्यात उभी राहून नकाशावरचा निळा ठिपका स्थिर होईस्तोवर थांबू लागली. "उपग्रह सापडायला वेळ लागतो," ती म्हणाली. "आपण जीपमध्ये बसल्या बसल्या ती निघते का? सीटं भरावी लागतात." मग शेडांचे पत्रे संशयात आले. त्यांच्यापासून लांब, कालव्याच्या रस्त्यावर टेपने दोनशे मीटर मोजून तिथे जा-ये केली. तिथेही शिटी अलीकडेच.

खडे रेघेकडे सरकले खरे, पण अडले. चौथी शिटी अजूनही तीस-चाळीस पावलं आधी वाजत होती आणि नकाशातली रेघ अजूनही झिंगत होती. ती पळत असताना राजानंदने फोन लावला तर 'संपर्क क्षेत्राबाहेर' ऐकू यायचं. त्याने ते गावच्या रेंजवर ढकललं होतं.

भावनाने फोन पुन्हा चालू-बंद केला, ॲप काढून परत टाकलं, पिशवी पुढून मागे आणि मागून पुढे फिरवली. बेबीनंदा ओट्यावर बसून बघत होती. तिच्या लक्षात एक गंमत आली. पोरीने परवानगी बदलली, जागा बदलली, वेळ बदलली, नवऱ्याचा फोन घेऊन तोसुद्धा पळवून बघितला, तोही पिशवीतच घालून. पण पिशवी तेवढी बदलली नाही. ती पिशवीच्या चहूबाजूंनी फिरत होती, जशी सून सासऱ्याच्या खाटेच्या चहूबाजूंनी झाडते आणि खाट तेवढी हलवत नाही.

बेबीनंदाने पिशवी उचलली. आत हात घातला. चकचकीत अस्तर बोटांना गार लागलं. बियाण्याचं पाकीट, दमट हवा आत जाऊ नये म्हणूनच कंपनी ते असं करते. हवाही जात नाही त्यातून उपग्रहाचं बोलणं काय जाणार?

"भावना."

"काय आत्या?"

"पिशवीला का हात लावत न्हाईस?"

भावनाचे हात बुटाच्या नाडीवर थांबले. "पिशवीचं काय. कापडाची तर हाय."

"वरून कापडाची. आतून कशाची हाय ते शिवताना मीच बघितलंय. तुला ठाऊक न्हाई?"

भावनाने नाडीची गाठ सोडून परत बांधली.

"कवापासून वाटतंय?"

"चार दिवस झाले," ती हळूच म्हणाली. "म्हटलं, बाकीचं सगळं बघून घ्यावं आधी. उगी तुम्हाला..."

"उगी मला काय? मी टोळीत बहिणीच्या पिशवीतलं ढेकूळ काढून फेकलंय, समद्यांसमोर. अन् तू माझ्या पिशवीची लाज राखायला भरती घालवून राह्यली होतीस?"

"घालवणार न्हवते. उद्या काढणारच होते."

"उद्या न्हाई. आत्ता."

बेबीनंदाने फोन बाहेर काढला आणि सुनेच्या हातात दिला. भावना मोकळ्यात उभी राहिली, ठिपका थांबेपर्यंत थांबली आणि फोन मुठीत धरून पळाली. बेबीनंदा गुडघे सांभाळत रेघेवर जाऊन उभी राहिली. पहिली शिटी रेघेच्या दोन पावलं अलीकडे. दुसरी रेघेवर. तिसरी एक पाऊल पुढे. चौथी वाजली तेव्हा भावना बेबीनंदाच्या पदराला घासून गेली.

"चोर सापडला," बेबीनंदा म्हणाली. "माझ्याच घरचा."

भावना धापा टाकत परत आली. दुसरी एखादी असती तर तिथेच नाचली असती. ही म्हणाली, "जरा दम खाऊ द्या. मंग परत पिशवीत घालून पळते."

"आता कशाला?"

"आज आभाळच चांगलं असलं तर? हातात होता म्हणून झालं का पिशवीत नव्हता म्हणून, हे कळायला नको का?"

ती पुन्हा पळाली, पिशवीत घालून. शिटी अलीकडेच वाजली. मग तिने पिशवीचं अस्तर उलगडून तेवढंच बाहेर काढलं, नुसत्या लुगड्याच्या कापडात फोन घालून तिसऱ्यांदा पळाली, पायात गोळे येईस्तोवर. शिटी रेघेवर. तेव्हा कुठे तिने मान डोलावली. बेबीनंदा तिच्याकडे बघत राहिली. माल पदरात पडल्यावर तो तिसऱ्यांदा काट्याला लावणारं माणूस तिने दुसरं पाहिलं नव्हतं. टोळीत ही असती, तर मुकादमी हिच्याकडे देऊन आपण निवांत सावलीत बसलो असतो, असं तिला वाटलं, आणि स्वतःच्या जागेवर दुसरीला बसवायचा विचार तिच्या मनात पहिल्यांदाच आला.

त्यानंतर सराव खऱ्या अंतरावर सुरू झाला. शनिवारी कालव्यावर, इतर दिवशी तळावर. घाम टिपायला कापडाच्या दोन पट्ट्या बेबीनंदाने आत शिवल्या, चकाकणारं काही न घालता. तीन मिनिटांच्या आत यायला भावनाला फार दिवस लागले, आणि आत आल्यावरही एकेक सेकंद ती दातांनी ओढल्यासारखी काढायची. रोजचा आकडा ग्रुपवर जायचा. घटला तरी, वाढला तरी. एकदा ताप असताना तीन-दहा झाले, तेही तिने टाकले. राजनंदिनी खाली लिहायची, 'ताई, मी पुढं हाये.' भावना लिहायची, 'बघते तुला.'

मैदानी चाचणी जालन्याला होती. राजानंदने जीप बदलीवाल्याला दिली आणि लेकीला शेजारणीकडे ठेवून पहाटे तिघं निघाली. फोन आत न्यायचा नव्हता. तिथे मोजणारे दुसरे, यंत्र दुसरं. भावना गेटमधून आत गेली. बाहेर नातेवाइकांची गर्दी. कुणी डबा धरून, कुणी माळ फिरवत. भिंतीमुळे आतलं काही दिसत नव्हतं. आत शिटी वाजली की बाहेरच्या सगळ्या माना वळायच्या, पण कुणाची शिटी ते कळायचं नाही. बेबीनंदा कठड्याला टेकली. गुडघा दुखत होता. बसली नाही.

उन्हं चढल्यावर भावना बाहेर आली. बूट हातात, केस चेहऱ्याला चिकटलेले.

"किती?" राजानंदने विचारलं. यावेळी त्यालाच दम लागला होता.

"दोन-त्रेपन्न."

त्याचं तोंड पडलं. "तीन सेकंदांनी गेलं."

"पूर्ण गुण गेले. मैदान गेलं न्हाई. गोळाफेक चांगली झाली, शंभर मीटरही झालं." ती पायऱ्यांवर बसली. "काल सरावात दोन-चौपन्न आल्ते. इथं एक कमी."

"म्हंजे पुढं लेखीला बसायचं?" बेबीनंदाने विचारलं.

"बसायचं आत्या. तेवढे गुण नक्की झाले."

लेखीचं बेबीनंदाला भय नव्हतं. तिने पदराने सुनेचं तोंड पुसलं, जरा जोरातच, भांडं पुसावं तसं, आणि डबा उघडून पुढे ठेवला. भाकरी आज तिने स्वतः थापल्या होत्या, पातळ. भावना खाऊ लागली. राजनंदिनीचा नंबर दुपारी होता. ती गेटपाशी रांगेत होती. भावनाने घास हातात धरूनच तिला हाक मारली, "सुरुवातीला पळू नको जोरात. पहिला फेरा राखून."

शेजारी परतूर तालुक्यातली एक बाई उभी होती. तिची लेक अजून आत होती. भिंतीकडे बघून बघून तिची मान अवघडली होती. बेबीनंदा तिच्याजवळ सरकली.

"तुमची आत हाय का?"

"व्हय मावशी. लई भेव वाटून राह्यलं."

"माझी आली," बेबीनंदा म्हणाली. बाईने काही विचारलं नव्हतं, तरी तिने हात करून पायऱ्यांवर जेवणाऱ्या भावनाकडे दाखवलं. "ती. सून हाय माझी. दोन-त्रेपन्न. बिलकुल कोरडं वजन."